बाबा आणि स्क्विड गेम

आधीच सांगून ठेवतो, या लेखात 'स्क्विड गेम'ची गोष्ट अगदी शेवटापर्यंत फोडलेली आहे. तिन्ही सीझन पाहिले नसतील आणि पाहायचे असतील, तर इथूनच मागे फिरा. नंतर शिव्या द्यायच्या नाहीत! :)

तर.. तिसरा आणि शेवटचा सीझन आला २७ जून २०२५ला. शुक्रवार होता. सोमवारी कँटीनमध्ये डबे उघडले तोवर आमच्या टेबलाचे सरळ दोन तट पडले होते. एका तटाचं म्हणणं, "काय फालतू शेवट केलाय! तीन सीझन ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावून बसलो, तो गी-हुन स्वतःच उडी मारतो, आणि बक्षीस कुणाला, तर खेळात जन्मलेल्या तान्ह्या बाळाला?" दुसऱ्या तटाचं म्हणणं, "अरे, तेच तर म्हणायचंय त्याला! सगळे पैशापायी जनावर झाले, एक जण माणूस राहिला." मी पहिल्या तटात होतो, आणि आवाज माझाच सगळ्यात मोठा होता.

हे भांडण काही आमच्याच टेबलावर नव्हतं. रॉटन टोमॅटोजवर पाहिलंत तर तिसऱ्या सीझनला समीक्षकांनी बऱ्यापैकी चांगले गुण दिलेत आणि प्रेक्षकांचा आकडा मात्र बराच खाली आहे. आणि तरीही पहिल्या तीन दिवसांत नेटफ्लिक्सने मोजलेले व्ह्यूज होते सहा कोटींवर. म्हणजे नावं ठेवणाऱ्यांनीसुद्धा पहिल्याच वीकेंडला सगळं पाहून संपवलं होतं. (मीही!)

खरं तर या मालिकेवरून भांडणं पहिल्यापासूनच आहेत. १७ सप्टेंबर २०२१ला पहिला सीझन आला आणि चार आठवड्यांत १४ कोटींहून जास्त घरांत पोचला. तेव्हाही, यातल्या बायका अशा का दाखवल्यात, मुखवटेवाले परदेशी व्हीआयपी इतकी वाईट ॲक्टिंग का करतात, ही कल्पना जपानी सिनेमातून ढापली का, असे सगळे वाद झाले. शेवटच्या आरोपावर दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योकचं उत्तर होतं की गोष्ट त्याने २००८-०९ मध्येच लिहिली होती. दहा वर्षं कुणी पैसे लावायला तयार नव्हतं. दुसरा सीझन डिसेंबर २०२४ला आला, तो सात भागांत ऐन रंगात मध्येच तोडला म्हणून लोक चिडले.

भाषांतरावरून तर वेगळीच जुंपली. कोरियन येणारे लोक म्हणाले, इंग्रजी सबटायटल्समध्ये निम्मी गंमत गेली. गोट्यांच्या भागात म्हातारा गी-हुनला 'कांबू' म्हणतो. कांबू म्हणजे आपला-तुपला न करता सगळं वाटून घेणारा खेळातला जोडीदार. इंग्रजीत याला एका शब्दात काय म्हणणार? मराठीत मात्र शब्द तयार आहे की! भिडू. कोरियातल्या गल्लीतली पोरं आणि आमच्या चाळीतली पोरं एकच गोष्ट करत होती: जमिनीवर रेघा ओढायच्या, भिडू वाटून घ्यायचे आणि चिडीचा डाव खेळून भांडत घरी जायचं.

असो. मुद्द्यावर येतो.

त्याच पावसाळ्यात आई-बाबा आमच्याकडे राहायला आले होते. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे दिवसभर सोफा आणि टीव्ही. बातम्या बघून बघून कंटाळले. एक दिवस मला म्हणाले, "ते तुम्ही ज्याच्यावरून फोनवर भांडत असता ना, ते लाव बघू." मी म्हटलं, "बाबा, फार रक्तपात आहे त्यात, तुम्हाला नाही आवडायचं." तर म्हणाले, "अरे, मी तीस वर्षं पॉवर प्रेसच्या शॉपमध्ये काढलीत. रक्त बघितलंय मी."

मग काय, हिंदी डबिंग लावून दिलं. आई पहिल्या खेळातच उठून गेली. ती मोठ्ठी बाहुली वळून बघते आणि हललेल्यांना गोळ्या घालतात.. आईने "काय बाई हे भलतंच" म्हटलं आणि आत जाऊन मोबाईलवर भजनं लावली. बाबा मात्र बसले. रोज रात्री जेवणं झाली की दोन भाग. मीही शेजारी बसायचो, आता सगळं पुन्हा बघताना नव्याने चिडायला.

पाचव्या भागात एक रात्र आहे. बाकीचे खेळाडू झोपेत हल्ला करतील म्हणून गी-हुनची टोळी लोखंडी पलंग रचून आडोसा करते आणि आळीपाळीने पहारा देते. तेव्हा गी-हुनला आपली जुनी फॅक्टरी आठवते. संपात असाच आडोसा रचलेला, पोलीस आत घुसलेले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा सहकारी गेलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हा सीन मोबाईल चाळत बघितला होता. पहारा चाललाय, पुढचा खेळ कधी येतोय, एवढंच.

बाबा म्हणाले, "थांबव जरा." मग विचारलं, "ही कंपनी खरी आहे का रे?"

शोधलं. खरी होती! मालिकेत तिचं नाव 'ड्रॅगन मोटर्स' आहे, पण दिग्दर्शकाच्या डोक्यात होती ती सांगयोंग मोटर. २००९च्या सुरुवातीला ती डबघाईला येऊन कोर्टाच्या ताब्यात गेली आणि सुमारे २,६०० लोकांना काढायचं ठरलं. कामगारांनी प्योंगटेकचा कारखाना आतून बंद केला आणि ७७ दिवस बसून राहिले. वरून हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचं द्रावण ओतलं गेलं, शेवटी ऑगस्टमध्ये पोलिसांची कमांडो पथकं छपरावर उतरली. पुढच्या वर्षांमध्ये यातले कामगार आणि त्यांच्या घरचे मिळून तीसच्या आसपास लोक आत्महत्या आणि आजारपणांत गेले.

आणि ऐका गंमत. हीच सांगयोंग २०११ मध्ये आपल्या महिंद्राने घेतली. तिची रेक्स्टन इथे चाकणला जोडून विकली जायची. २०१८ मध्ये काढलेल्यांपैकी उरलेल्या ११९ जणांना परत घ्यायचा करार झाला, म्हणजे संपानंतर नऊ वर्षांनी. २०२० संपता संपता कंपनी पुन्हा कोर्टात गेली आणि नंतर एका कोरियन उद्योगसमूहाने घेतली. आता तिचं नावही बदललंय.

मी हे सगळं वाचून दाखवलं. बाबा ऐकत होते. "नऊ वर्षं," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "लाव पुढे."

दुसऱ्या सीझनमध्ये दर खेळानंतर मतदान असतं, आठवतंय ना? खेळ पुढे चालू ठेवायचा तर निळा गोल, थांबवून आहे तेवढे पैसे वाटून घरी जायचं तर लाल फुली. पहिल्या मतदानात खेळ एका मताने चालू राहतो. एका मताने! इथे मी नेहमीसारखा सुरू झालो. "बघा बाबा, हेच मला पटत नाही. इतकी माणसं डोळ्यांसमोर मेली, हातात पैसे आहेत, दार उघडं आहे, आणि निम्म्याहून जास्त लोक म्हणतात अजून एक डाव? इतकी मूर्ख माणसं असतात का? निव्वळ गोष्ट लांबवायला केलेलं आहे."

बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले, "मी हात वर केला होता."

मला आधी कळेचना. मग ते हळूहळू बोलायला लागले.

आमच्या घरात '९८ची टाळेबंदी हा विषय कधी निघत नाही. मी तेव्हा आठवीत होतो. मला आठवतं ते एवढंच की बाबा दिवसा घरी असायचे, आईने शिवणकाम सुरू केलं होतं, आणि माझी क्लासची फी दोन महिने राहिली होती. भोसरीतली कंपनी, नाव सांगत नाही, आता तिथे गोडाऊन आहे. टाळेबंदीच्या तिसऱ्या महिन्यात मॅनेजमेंटने एक आकडा दिला होता. घ्या आणि मोकळे व्हा. युनियनने गेट मीटिंग बोलावली. आकडा घ्यायचा की ताणून धरायचं? हात वर करून मतदान.

"सगळे म्हणत होते, अजून थोडं ताणलं की वाढवून देतील," बाबा म्हणाले. "मलाही तसंच वाटत होतं. म्हणजे.. वाटत होतं का आजूबाजूला हात वर गेले म्हणून माझा गेला, ते आता सांगता येत नाही. माझ्या बाजूला कोण उभा होता माहितीये? शेंगावाले काका."

शेंगावाले काका म्हणजे बाबांच्या शेजारच्या मशीनवरचे. दर सुगीला गावाहून भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन यायचे, म्हणून मी ठेवलेलं नाव. त्यांच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि पैशाची निकड होती. आदल्या रात्री ते आमच्या घरी येऊन बाबांना म्हणाले होते, उद्या तू हात खाली ठेव, आपल्या शॉपमधले दहा-पंधरा जण तुझ्याकडे बघून ठरवतील. बाबा त्यांना "बघू" म्हणाले होते.

ताणून धरायचा ठराव थोडक्या मतांनी पास झाला. दहा-पंधराच्याच फरकाने.

पुढे अकरा महिने काही झालं नाही. मग मशीनं रातोरात हलली, आणि शेवटी जे हातात आलं ते पहिल्या आकड्याच्या जेमतेम निम्मं. काकांनी गावची जमीन विकून बहिणीचं लग्न केलं. त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत. मी आईला विचारलंही होतं, शेंगावाले काका का येत नाहीत? आई म्हणाली होती, ते गावी राहायला गेले.

"त्याने मला कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही," बाबा म्हणाले. "बोलला असता तर बरं झालं असतं."

खरं सांगतो, मला काय बोलावं ते सुचलं नाही. मी आपला उठून पाणी आणून दिलं.

मी आजवर ही मालिका एक कोडं म्हणून बघत आलो होतो. कोणत्या खेळाडूने काय करायला हवं होतं, कुठे लॉजिक चुकलं, कुठे बग आहे. आमच्या टेबलावरही तसंच. एक जण नेहमी म्हणतो, "ते सगळे सही करून आले होते ना, मतदान पण होतं, मग अन्याय कसला?" आणि मी त्याला मान डोलावायचो. पहिल्या सीझनमध्ये तर सगळे मत देऊन घरी जातात आणि २०१ पैकी १८७ जण आपल्या पायांनी परत येतात. म्हणजे मर्जीनेच ना! त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या टीममधल्या दोघांना एका दुपारी एचआरने आत बोलावलं, आणि संध्याकाळी त्यांचे लॅपटॉप जमा झाले होते. त्यांनीही सही केलीच. जेवायला आम्ही त्याच टेबलावर बसतो. स्क्विड गेमच्या शेवटावर तावातावाने बोललो, त्या दोघांपैकी एकाचंही नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

शेवटचा भाग पाहिला तेव्हा बायकोही बसली होती. गी-हुन त्या उंच खांबावर उभा राहून, आपण घोडे नाही, माणसं आहोत, असं म्हणतो आणि पुढचं वाक्य अर्धवट सोडून मागे झोकून देतो. बायकोच्या डोळ्यांत पाणी. तिचं मत ठाम आहे: बाळाला वाचवलं, यापेक्षा चांगला शेवट असूच शकत नाही. माझं मत तोवर डळमळीत झालं होतं. दिग्दर्शकाने आधी सुखान्त मनात धरला होता, गी-हुन अमेरिकेत मुलीला भेटायला जातो असा, आणि मग तो बदलला, हे मी दोघांना सांगितलं.

बाबा म्हणाले, "तसाच ठेवायला पाहिजे होता."

"का? मग गोष्टीत राहिलं काय?"

"गोष्टीचं मला कळत नाही. पण पहिल्या सीझनच्या शेवटी तो विमानाच्या दारातून मागे फिरतो ना, तिथेच मला राग आला होता त्याचा. पोरगी वाट बघत होती तिकडे. सूड घ्यायचाय, खेळ बंद पाडायचाय.. अरे, तू कोण? मलाही चौदा महिन्यांनी परत बोलावत होते. कोर्टात जाऊ, पुन्हा उभं राहू, म्हणत होते. मी गेलो नाही. दुसरीकडे वॉचमन म्हणून लागलो. लोक पळपुटा म्हणाले."

वॉचमनच्या त्या पगारावर माझी बारावी झाली, हे त्यांनी म्हटलं नाही. ते मला माहीत होतं.

बायको म्हणाली, "पण बाबा, सगळेच घरी गेले तर ते खेळ बंद कोण पाडणार?"

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते पण खरंय."

तर आमच्या घरात आता तीन मतं आहेत. आईचं धरलं तर चार, तिच्या मते असलं काही बनवायलाच नको होतं. कँटीनमध्ये मात्र मी आता कुठल्याच तटात नाही. निळा गोल दाबणाऱ्यांना मूर्ख म्हणणं बंद केलंय. आणि मार्चमध्ये गेलेल्या त्या दोघांना मेसेज केला. एकाचं उत्तर आलं, बंगलोरला लागलाय. दुसरी अजून शोधतेय, तिचा बायोडाटा पुढे पाठवलाय. चार महिने उशिराच केलं हे.

बाबा घरी परत गेले त्याच्या आदल्या रात्री मला म्हणाले, "तुमच्या त्या फेसबुकवर जुना माणूस सापडतो का रे?"

मी विचारलं, "कोण, शेंगावाले काका?"

"त्याचं नाव आणि गाव लिहून देतो. मुलाचं नाव पण आठवतंय मला."

कागद माझ्या पाकिटात आहे. त्या नावाची सात माणसं सापडली आहेत, त्यातल्या तिघांना लिहिलंय. अजून कुणाचं उत्तर नाही. बघू.