गाडी करून लातूर

आपली मराठी भाषा व्यवहारात मोठी चोख. घर आपण भाड्याने घेतो, सायकल भाड्याने घेतो, पण मोटार? ती आपण ‘करतो’. “लातूरला जायला गाडी केली” म्हटले, की त्यात गाडी आली आणि ती हाकणारा माणूसही आला. युरोपातल्या लहानशा शहरात म्हणे प्रवासी परवाना दाखवतो, पैसे भरतो आणि किल्ली खिशात टाकून निघतो. आपल्याकडे केंद्र सरकारने १९८९ मध्ये चालकाविना गाड्या भाड्याने देण्याची योजना आखली खरी. पण धंदा करणाऱ्याने निदान ५० गाड्या बाळगाव्यात, अशी अट तीत घातली. नांदेड-लातुरात एकाच गाडीचे हप्ते फेडताना माणसाची दमछाक होते, तिथे ५० गाड्या कोण बाळगणार? तेव्हा इथे सहसा किल्ली मिळत नाही, माणूस मिळतो.

नांदेडहून लातूरला गाडी करायला कारणही आहे. सडकेने अंतर सुमारे १४० किलोमीटर. पण आगगाडीने निघालात तर परभणी, परळी असा भला मोठा वळसा पडतो. त्यातून ‘लातूर रोड’ ही पाटी वाचून कोणी घाईने उतरलाच, तर लातूर शहर अजून पुढेच असते! एस. टी. आहे, काळीपिवळीही आहे, परंतु एस. टी. तिच्या वेळेला सुटते आणि काळीपिवळी भरल्यावर सुटते. वाटेत मनाला येईल तिथे उतरायचे, तर गाडीच करावी.

नांदेडच्या गाडीवाल्यांचा मोठा आधार म्हणजे गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला. सचखंडाच्या दर्शनाला पंजाबातून येणारी मंडळी पुढे बिदरच्या नानक झिऱ्यालाही जातात. त्यामुळे मला पाहताच एका चाळिशीच्या गृहस्थाने विचारले, “बिदरला जायलात का, साहेब?”

“लातूरला. तिथून पुढे किल्लारी.”

तो क्षणभर थबकला. मग हिशेब सांगू लागला. किलोमीटरमागे दर ठरलेला. दिवसाला निदान ३०० किलोमीटरचे पैसे, मग गाडी तेवढी धावो न धावो. टोल आपला, चालकाचा भत्ता वेगळा, आणि फार वेळ थांबवले तर ‘वेटिंग’. मी पाटी पाहून घेतली: पिवळी, वर काळी अक्षरे. पांढऱ्या पाटीची गाडी थोडी स्वस्त पडते. पण तिला भाड्याचा परवाना नसतो, आणि वाटेत काही बरेवाईट झाले तर विमा कंपनी हात वर करू शकते.

लोहा मागे पडले आणि माळेगाव आले. मार्गशीर्षात इथे खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा आणि गाढवांचा मोठा बाजार होतो. “पूर्वी दात बघून घोडं घ्यायचे,” गाडीवाला म्हणाला, “आता किलोमीटरचा काटा बघून जुनी गाडी घ्यायलेत.” अहमदपूर, चाकूर करीत आम्ही लातूर गाठले. राष्ट्रकूट राजे स्वतःला ज्या लट्टलूरचे अधिपती म्हणवीत, ते हेच. चहा घेऊन आम्ही औशावरून किल्लारीकडे वळलो, तसा तो बोलेनासा झाला.

जुन्या गावाच्या अलीकडेच त्याने गाडी उभी केली. “इथून पायी जा, साहेब. मी थांबतो.”

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बोळवून माणसे दमून निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरची जड माळवदे त्यांच्यावर कोसळली. हजारो माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. मी दीड तासाने परतलो, तेव्हा तो गाडीला टेकून तसाच उभा होता. त्याचे गाव जवळचेच. तेव्हा तो आठ वर्षांचा. “नव्या गावात रस्ते रुंद हायत,” तो म्हणाला. “जुन्या घरात चुलत्याची अन् आमची भिंत एकच होती. आता त्यांचं घर पाच गल्ल्या लांब.” ती सामाईक भिंत कुणावर पडली, हे त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही.

रात्री नांदेडला उतरलो. काटा ३७४ किलोमीटर दाखवीत होता. त्याने किलोमीटर, टोल, भत्ता नीट मांडून बेरीज केली. पै इकडेतिकडे नाही. वेटिंगची जागा मात्र कोरी होती. मी बोट ठेवले.

“तिथं थांबायचं काय घ्यायचं, साहेब?”

मी भत्त्यात थोडी भर घातली. ती त्याने भत्ता म्हणूनच घेतली.

तेव्हा मंडळी, नांदेडला गाडी कराल तर दर ठरवा, पाटी पाहा, टोलचे आधीच बोलून घ्या. पण सर्वांत आधी गाडीवाल्याचे गाव विचारा. गाडी कोणती, हे मागाहून विचारले तरी चालेल.