झोराचा कान

झोरा नील हर्स्टन या लेखिकेनं वय चोरलं ते थेट दहा वर्षांनी. 1917 मध्ये बाल्टिमोरच्या शाळेत फुकट शिकायचं तर वय कमी हवं होतं, आणि बाई सव्वीस वर्षांच्या. 1891 चं 1901 झालं. 1973 मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकरनं फ्लोरिडातल्या रान माजलेल्या दफनभूमीत तिच्या निनावी थडग्याचा अदमास घेऊन दगड बसवला, त्यावरही 1901 च कोरलं गेलं. थाप पचली म्हणायची!

मला मात्र झोरा आवडते ती तिच्या कानासाठी. ती वाढली ते ईटनव्हिल हे कृष्णवर्णीयांनीच चालवलेलं गाव. तिचे वडील तिथले महापौर. दुकानाच्या ओट्यावर पुरुषमंडळी गप्पा ठोकायची आणि ही पोर रेंगाळत ऐकायची. पुढे न्यूयॉर्कला फ्रान्झ बोआसकडे मानववंशशास्त्र शिकून ती लोककथा गोळा करायला परतली आणि कॉलेजच्या शुद्ध भाषेत विचारू लागली. लोकांनी अदबीनं हात वर केले. शहाणी झाली. नंतर लाकूडतोड्यांच्या वस्तीत तिची चकचकीत शेव्हरोले बघून मंडळी बिचकली, तेव्हा 'मी चोरटी दारू विकणारी, पोलिसांपासून पळतेय' असं ठोकून तिनं मैफलीत जागा मिळवली.

तोच कान घेऊन ती अलाबामात कोसोलाकडे गेली. 1860 मध्ये, गुलामांची आयात बेकायदा ठरून अर्धशतक उलटल्यावर, चोरून आणलेल्या माणसांपैकी हा एक. म्हातारा लहरी. कधी बोलायचा, कधी बागेतलं काम काढून बसायचा. ती पीच घेऊन जायची, टरबूज न्यायची. दोघं खायची आणि त्या दिवशी तेवढंच. त्याच्या कहाणीचं तिनं पुस्तक लिहिलं, तर 1931 मध्ये प्रकाशकानं त्याची बोली काढून प्रमाण इंग्रजी घालायला सांगितलं. तिनं नकार दिला. ते पुस्तक, 'बॅराकून', निघालं 2018 साली.

लेखक रिचर्ड राइटनं तिच्या 1937 च्या कादंबरीत आशयच नाही म्हणून झोडपलं. त्याला अन्यायाविरुद्धचा सूर हवा होता, तिला ओट्यावरचा. इथे मी तिच्या बाजूचा. पण 1955 मध्ये शाळांतला वर्णभेद संपवणाऱ्या निकालाविरुद्ध तिनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: आमच्या शाळा, आमचे मास्तर कुठे उणे आहेत, की पोरांना गोऱ्यांशेजारीच बसवावं? हे काही मला पटत नाही. ईटनव्हिल सोडलं तर बाकीच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला कसल्या शाळा येत होत्या, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?