खतावणीतली श्रद्धा

कामाच्या जागी ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती म्हणून कसे वागावे, या प्रश्नाला आपल्या प्रवचनांतून बहुधा एकच उत्तर मिळते: मन शुद्ध ठेवा, खोटे बोलू नका, काम प्रभूसाठी करतो आहोत असे समजून करा. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पवित्र शास्त्र मनाबद्दल बोलते तसे मापाबद्दलही बोलते. आमोस संदेष्टा खोट्या तराजूवर तुटून पडतो, याकोबाचे पत्र शेतमजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा जाब विचारते आणि जक्कयाचा हृदयपालट लूक सांगतो तो चौपट परतफेडीच्या हिशेबात. आर्थिक इतिहासाचा अभ्यासक म्हणून माझे म्हणणे असे की, कामातली श्रद्धा एकट्याच्या विवेकावर फार काळ तगत नाही. आपली वही तपासण्याचा अधिकार माणूस दुसऱ्याला देतो, तेव्हा ती टिकते. इंग्लंड-अमेरिकेतल्या क्वेकर व्यापाऱ्यांचा इतिहास हे फार स्पष्टपणे दाखवतो, कारण त्यात यशाइतकेच अपयशही नोंदलेले आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या या पंथाचे लोक शपथ घेत नसत. खरे बोलायला शपथ लागते, म्हणजे एरवी खोटे चालते, असे ते मानत. त्यांना राजमान्य चर्चची मतेही मान्य नव्हती, त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची आणि सरकारी पदांची दारे त्यांना बंद होती. साहजिकच पुष्कळ जण व्यापारउदिमात शिरले. तिथे त्यांनी घासाघीस सोडली. मालाला एकच भाव, तो पहिल्याच तोंडाने सांगायचा आणि गिऱ्हाईक बघून बदलायचा नाही. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स सांगतात, की सुरुवातीला गिऱ्हाइके दुरावली. पुढे मात्र लहान मूल पाठवले तरी फसवणूक होणार नाही, हा विश्वास बसल्यावर ती परतली. पण एक भाव हा या कथेचा दर्शनी भाग झाला. खरी यंत्रणा मागे होती. एखाद्याचा धंदा डळमळू लागला की मंडळीतले जाणते लोक त्याच्याकडे जात, हिशेब पाहत, सल्ला देत. इतरांच्या पैशावर बेफिकीर उड्या मारून दिवाळे काढले तर सभासदत्व जाई. तुरुंगसुधारणेसाठी गाजलेल्या एलिझाबेथ फ्राय यांच्या पतीची बँक 1828 मध्ये बुडाली, तेव्हा मंडळीने त्यांनाही वगळले. पत्नीची कीर्ती आड आली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा सचोटीचा मामला नसून धंद्याची हुशारी होती, पत वाढली, नफा वाढला. यात तथ्य आहे. सचोटी आणि नफा एकाच दिशेने चालत असतात तोवर माणूस कोणाच्या मागे निघाला आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून दोघांच्या वाटा फुटतात ती जागा पाहायची. न्यू जर्सीचे क्वेकर जॉन वुलमन (1720–1772) यांचे दुकान चांगले चालू लागले, तेव्हा वाढता पसारा मनावर ओझे होतो म्हणून त्यांनी तो आवरला आणि शिवणकाम व फळबाग यांवर गुजराण केली. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्यांनी एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहून दिले होते. पुढे असे कागद लिहायला ते नकार देऊ लागले, त्यात मिळकतही बुडाली. नफ्याचा हिशेब इथे लागू पडत नाही. मात्र एकट्या वुलमन यांच्या नकाराने गुलामगिरी हटली नाही. ते घरोघर, सभोसभी फिरले. 1758 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना मंडळीच्या कारभारातून दूर केले आणि 1776 मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला सभासद राहता येणार नाही असे ठरवले. विवेक एकाचा होता. त्याचा नियम व्हायला अनेकांची सभा लागली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो ठाण्यातल्या एका चौकाला ज्यांचे नाव चिकटले आहे त्या क्वेकर चॉकलेट-उत्पादक कॅडबरींच्या घराण्यातून येतो. 1879 मध्ये बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिल इथे त्यांनी कारखाना नेला आणि पुढे कामगारांसाठी बागांची वस्ती उभारली. पण याच कारखान्यात येणारा कोको साओ टोमे या पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बेटावरच्या गुलामसदृश मजुरांच्या हातचा आहे, हे 1901 मध्ये कानावर आल्यानंतर खरेदी थांबायला 1909 उजाडले. मधल्या काळात चौकशीसाठी माणूस पाठवला, पोर्तुगीज सरकारशी बोलणी केली, माल मात्र येत राहिला. ‘स्टँडर्ड’ वृत्तपत्राने दांभिकपणाचा आरोप केला. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा खटला जिंकला, पण ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. माझ्या मते हा प्रसंग माझा मुद्दा खोडत नाही, उलट पक्का करतो. मंडळीची तपासणी शेजारच्या बाजारातल्या व्यापाऱ्यासाठी घडली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूरच्या मळ्यांपर्यंत तिची नजर पोचत नव्हती. जिथे तपासणी संपली, तिथे भल्या माणसांचीही सबब सुरू झाली.

तपासणी जुलमी होऊ शकते, हेही मान्य केले पाहिजे. बोर्नव्हिलमध्ये दारूचा गुत्ता नव्हता, लग्न झालेल्या बाईला नोकरी सोडावी लागे. कामगाराचे भले मालक ठरवत होता. 1918 मध्ये तिथे कामगार प्रतिनिधींच्या समित्या आल्या, ती योग्य दिशा होती. जो तपासतो त्यालाही विचारणारे कोणी हवे. आणि आज लेखापरीक्षक, कामगार कायदे असताना श्रद्धेचे काय काम, असे कोणी विचारील, तर उत्तर साधे आहे. वुलमन यांनी लिहिलेले विक्रीखत कायदेशीर होते. साओ टोमेच्या मजुरांचे करारही कागदावर कायदेशीर होते. कायद्याने मोकळे सोडलेल्या जागेतच श्रद्धेची परीक्षा असते.

तेव्हा आपल्या शाळा, दवाखाने, दुकाने आणि संस्था चालवणाऱ्या ख्रिस्ती वाचकांना माझी विनंती आहे. कचेरीत वचनांचे फलक लावण्याआधी कंत्राटी सफाई कामगाराचा पगार किती आणि तो कोणत्या तारखेला होतो, हे आपल्या मंडळीतल्या दोन निःस्पृह माणसांना पाहू द्या. त्यांच्यासोबत त्या कामगारालाही बसवा. वही उघडायला संकोच वाटला, तर सुधारणा कुठून सुरू करायची हे तिथेच कळेल.