एक दिवस चुलीला सुट्टी

मैत्रिणींनो, लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर दोघांनीच सिनेमाला किती वेळा गेलात, जरा बोटांवर मोजा बघू! मुलं, सासूबाई, पाहुणे सगळे वजा करून हं. आमचा हिशोब एका हातात संपत होता. म्हणून २०१८ च्या फेब्रुवारीत 'गुलाबजाम' लागला, तेव्हा मी ह्यांना सांगूनच टाकलं, "शनिवारी चूल बंद. आपण पुण्याला जायचं."

आम्ही साताऱ्याचे. पुणं जवळजवळ ११० किलोमीटर. सकाळची एस.टी. धरली, खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि जेवणवेळेआधी स्वारगेटला उतरलो. तुम्ही गेलात तर दुपार मंडईसाठी राखून ठेवा. मधोमध उंच मनोरा असलेली ही दगडी मंडई १८८६ सालची. तेव्हा तिला 'रे मार्केट' म्हणत, आता ती महात्मा फुले मंडई. तिथून तुळशीबाग दोन पावलांवर. आधी रामाचं दर्शन घ्या, मग भांड्यांच्या दुकानात शिरा. मी पुरणयंत्राची बारीक जाळी घेतली. चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय मात्र काही घेऊ नका.

पाचचा खेळ कोथरूडला, सिटी प्राइडमध्ये. लंडनला बँकेत नोकरी करणारा आदित्य पुण्यात येतो, तो आपला मराठी स्वयंपाक शिकायला. डबे करून देणारी, एकटी राहणारी राधा त्याला आधी हाकलूनच देते. पुढचं सांगत नाही, तुम्ही बघाच! सोनाली कुलकर्णी आणि सिद्धार्थ चांदेकर दोघांची कामं छान, दिग्दर्शन सचिन कुंडलकरांचं.

मला हाच सिनेमा का बघायचा होता, ते सांगते. आदल्या पावसाळ्यात माझं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, घरी डबा लावलेला. चहाची साखर कुठल्या डब्यात असते, हेसुद्धा ह्यांना विचारावं लागे. रात्री हात ठणकायचा, पण झोप लागत नसे ती दुसऱ्याच काळजीने. मी कायमची अंथरुणाला खिळले, तर ह्या माणसाचं कसं होणार? बोलून दाखवलं असतं तर भांडण झालं असतं. आणि इथे पडद्यावर एक शिकलासवरलेला मुलगा एका बाईची बोलणी खात, पडेल ते काम करत स्वयंपाक शिकत होता. शेजारी पाहिलं, तर हे खुर्चीत पुढे सरकून बसलेले!

सिनेमा सुटल्यावर रिक्षाने टिळक रस्त्याला, 'बादशाही'त जेवायला. गर्दी होती, पण नंबर लागला. वाढणारं दुसरं कुणी आणि मी निवांत पाटावर बसावं तशी बसलेली! गरम पोळी पहिली माझ्या ताटात पडली. ह्यांनी आमटीचा भुरका मारून विचारलं, "ह्यात आंबट काय घालतात गं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. "चिंच का आमसूल, तुम्हीच ओळखा," मी म्हटलं.

परतीची एस.टी. रात्रीची. खंबाटकीचा घाट चढताना मला डुलकी लागत होती, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "भाताला पाणी किती?"

"दुप्पट. तांदूळ जुना असला तर थोडं जास्त, नवा असला तर कमी."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कुकर लावला. भात पार गिचका झाला. आम्ही ताक घालून सगळा संपवला.

तुम्हीही असा बेत जरूर करा. पुणं लांब पडत असेल, तर आपल्या गावातला सिनेमा आणि खानावळ चालेल. खानावळी रात्री लवकर आवरतात आणि काही रविवारी संध्याकाळी बंद असतात, तेव्हा आधी चौकशी करा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्या. जवळ शाल असू द्या. आणि सिनेमा चालू असताना "बघा, शिका जरा!" म्हणून नवऱ्याला कोपराने ढोसू नका. भाताचं प्रमाण त्यांनी आपणहून विचारलं, की मात्र लगेच सांगा.