ट्रेबलचं बटण

आमच्या घरात बाबांचं आणि माझं एक शीतयुद्ध कित्येक वर्षं चालू होतं. बाबांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं ट्रेबलचं बटण मी मधोमध आणून ठेवायचो. संध्याकाळी ऑफिसमधून येऊन बघावं तर ते पार उजवीकडे, शेवटच्या टोकाला! मी ते पुन्हा मध्यावर आणायचो. का, तर रेकॉर्डिंग जसं झालंय तसंच ऐकायचं असतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. बाबा काही बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी बटण पुन्हा उजवीकडे.

मग एक दिवस तो अ‍ॅम्प्लिफायर जळका वास सोडून कायमचा गप्प झाला. नुकतेच आम्ही ठाण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो, माझ्या हातात बोनस होता आणि बाबांची सत्तरी दोन महिन्यांवर होती. म्हटलं, आता घ्यायची तर सॉलिड सिस्टिम. सलग तीन शनिवार लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या केल्या. बाबांना सरप्राइज द्यायचं म्हणून एकटाच गेलो.

एका दुकानात छोटे, देखणे स्पीकर ऐकले आणि जागेवरच घायाळ झालो. तिथे ते १२० वॉटच्या अ‍ॅम्पवर वाजत होते. मी घेतला ३० वॉटचा, खिशाला परवडणारा. घरी लावले तर आवाज असा, की गायक शेजारच्या खोलीत बसलाय. कारण स्पीकरच्या माहितीपत्रकातच छापलेलं होतं. त्यात सेन्सिटिव्हिटी नावाचा एक आकडा असतो. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो हा. बाबांच्या जुन्या लाकडी पेट्या ९० च्या, माझे नवे स्पीकर ८४ चे. फरक किरकोळ वाटतो. पण दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट लागतात. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी चौपट ताकद. दुकानदार खोटं काहीच बोलला नव्हता, मीच विचारलं नव्हतं.

शिवाय दुकानात जाड कार्पेट आणि पडदे. आमच्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स आणि काचेच्या खिडक्या. टाळी वाजवली तर तीच टाळी परत ऐकू यायची. शेवटी जुने स्पीकरच परत जोडले, आईची सतरंजी अंथरली, स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड फूट पुढे घेतले. घुमणारा बास जाग्यावर आला. खर्च, शून्य रुपये.

बाबा दोन दिवस समोर बसले. ‘छान आहे,’ म्हणाले. तिसऱ्या दिवशी पेपर घेऊन बाल्कनीत गेले, ते गेलेच. महिनाभर त्यांनी एकही रेकॉर्ड लावली नाही. ज्या माणसाची संध्याकाळ किशोरीताईंच्या भूपाशिवाय होत नसे, तो मुकाट्याने शब्दकोडी सोडवत बसू लागला.

मला वाटलं, अजून काहीतरी कमी पडतंय. मग केबल आणली. नऊ हजारांची! ‘आवाज खुलेल,’ असं सांगितलं गेलं होतं. बायकोने एकदाच विचारलं, ‘खुलला का?’ आणि मग माझी परीक्षाच घेतली. एकीकडे ती नऊ हजारांची, दुसरीकडे वायरिंगच्या दुकानातली तांब्याची अडीचची वायर. मी पाठमोरा, ती गुपचूप बदलणार, मी ओळखणार. दहापैकी पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. हिशेब केला तर आश्चर्य नव्हतंच. तीन मीटरवरच्या स्पीकरपर्यंत जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. अडीचच्या वायरमध्ये त्याचा रोध ०.०५ ओहमही नाही. आणि स्पीकर आठ ओहमचा.

हा तमाशा बाबा बाल्कनीच्या दारातून बघत होते. आत आले, अ‍ॅम्पवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘याला ट्रेबल कुठे असतं रे?’

‘नसतं, बाबा. चांगल्या अ‍ॅम्पला मुद्दामच देत नाहीत.’

‘असं होय. मला यात तंबोरे ऐकू येत नाहीत.’

मी हसणार होतो. कारण तंबोरे वाजत होते, मला स्वच्छ ऐकू येत होते. आणि मग ट्यूब पेटली.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीचा आलेख डावीकडे ठीक, उजवीकडे घसरगुंडीसारखा खाली. वयाबरोबर आधी जातात ते वरचे, बारीक स्वर. तंबोऱ्याची जवारी तिथेच झिणझिणते. स, श, त, फसुद्धा तिथेच असतात. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाहीत. ‘हल्ली हे माझ्या बोलण्याकडे लक्षच देत नाहीत,’ असं आई म्हणायची, त्याचाही उलगडा तिथेच झाला. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? बाबा म्हणाले, ‘आठवत नाही.’ मला आठवत होतं. त्यांना जे ऐकू येईनासं झालं होतं, ते ते रोज त्या बटणाने परत आणत होते. आणि रोज संध्याकाळी मी ते काढून घेत होतो.

आता बाबांच्या कानात मशीन आहे. ते मुख्यतः बोलण्यासाठी जुळवलेलं असतं, म्हणून गाण्यासाठी त्यात वेगळा प्रोग्रॅम टाकून घेतला. अ‍ॅम्प बदलून ट्रेबल-बासची बटणं असलेला साधा आणला, या वेळी बाबांना दुकानात खुर्चीवर बसवून. केबल सात हजारांना विकली.

तुम्हीही सिस्टिम घेणार असाल तर वॉट, ओहम, सेन्सिटिव्हिटी जरूर जुळवा, खोली बघा, केबलवर पैसे उधळू नका. पण ज्याच्यासाठी घेताय त्यालाच आधी ऐकवा. त्याचे कान कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसतात.

परवा घरी आलो तर भूप चालू होता. बटण मध्याच्या बरंच उजवीकडे. माझ्या कानांना जरा टोचलं. मी बूट काढले आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसलो.