चौकोनाचं वर्तुळ होताना

इराणच्या पठारावर माती अमाप, आणि मोठं छप्पर पेलतील असे लांब, सरळ वासे दुर्मीळ. म्हणून तिथल्या गवंड्यांनी वीट जवळ केली. विटेचा स्वभाव असा, की आडवी पसरून तिचं छत होत नाही. कमानीत एकमेकींना रेटून धरल्या तरच विटा वर टिकतात. कमान स्वतःभोवती फिरवली की घुमट झाला. इराणी मशिदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळ्या फरशा येतात, पण ती निळाई फार नंतरची. त्याआधी शतकानुशतकं उघडी, मातकट वीट होती आणि तिच्यापुढे एक अवघड प्रश्न होता. खोली चौकोनी, घुमट गोल. चौकोनावर वर्तुळ टेकवलं तर चार कोपरे उघडे पडतात. त्या कोपऱ्यांचं करायचं काय?

इराणी वास्तुकलेचं सारं वैभव मला या चार कोपऱ्यांत दिसतं.

इस्लाम इराणात पोचण्याच्या सुमारे चारशे वर्षं आधी, तिसऱ्या शतकात, सासानी राजा अर्दशीरने फिरुझाबादला महाल बांधला. तिथे प्रत्येक कोपऱ्यात एक तिरकी कमान आहे, ओंजळीसारखी आतून पोकळ. या चार कमानींनी चार बाजूंच्या आठ केल्या. पुढच्या गवंड्यांनी आठांच्या सोळा केल्या, आणि सोळा बाजू वर्तुळाच्या इतक्या जवळ जातात की घुमट त्यांच्यावर निश्चिंत बसतो. राजवटी बदलल्या, धर्म बदलला, पण ही विद्या गवंड्यांच्या हातून सुटली नाही. अग्निपूजकांच्या काळात शिकलेले हात मशिदी बांधू लागले आणि कोपऱ्यातली ती कमान नव्या प्रार्थनेच्याही डोक्यावर उभी राहिली.

इस्फहानच्या जामे मशिदीत या कोपऱ्याचं काव्य झालं आहे. ही मशीद एका राजाची किंवा एका पिढीची नाही. बाराशे वर्षं माणसं तिच्यात भर घालत आली. अंगण, त्याच्या चार बाजूंना चार उंच ईवान, म्हणजे एका बाजूने उघडी कमानदार दालनं, आणि त्यांच्यामागे विटांच्या छोट्या छोट्या घुमट्यांचं रान, ज्यात शेजारच्या दोन घुमट्यांची नक्षीही बरेचदा निराळी. सेल्जुक सुलतान मलिकशाहचा वजीर निजामउलमुल्क याने 1086-87च्या सुमारास दक्षिणेकडे भव्य घुमट उभारला. त्याचा प्रतिस्पर्धी ताजउलमुल्क याने लगेच, 1088-89मध्ये, उत्तरेला दुसरा बांधला. हा आकाराने लहान, पण डोळे त्याच्यावरून हलत नाहीत. फरशी नाही, रंग नाही. नुसती वीट आणि विटांमधली सावली. जमिनीपासून बारीक खांबांच्या जुड्या वर चढतात, कमानींना मिळतात, कोपऱ्यातली कमान तीन पाकळ्यांची होते, चाराचे आठ, आठाचे सोळा होतात. आता वर्तुळ आलं असं वाटतं, तोच घुमटाच्या पोटात विटांनीच रेखलेली पाच कोनांची चांदणी दिसते. चार, आठ, सोळा या चढत्या हिशेबात पाच कुठेच बसत नाही. त्या अज्ञात गवंड्याने तिला तिथे बसवलं, आणि ती इतकी सहज बसली आहे की आपला हिशेबच अपुरा वाटू लागतो.

पाचशे वर्षांनी इस्फहानमध्येच न जुळणाऱ्यांना जुळवण्याचा हा प्रश्न निराळ्या रूपात पुढे आला. इराणचा बादशाह शाह अब्बास याने 1598मध्ये राजधानी इथे हलवली आणि नक्श-ए-जहान हा विशाल चौक आखला. लांबी सुमारे 560 मीटर, रुंदी 160. चौकाची लांब बाजू जवळपास उत्तर-दक्षिण, आणि इस्फहानहून मक्केची दिशा, म्हणजे किब्ला, नैऋत्येला. नगराचं तोंड एकीकडे, प्रार्थनेचं दुसरीकडे. चौक तिरपा करायचा, की किब्ला विसरायचा? किब्ला विसरणं शक्यच नव्हतं, आणि चौकाची सरळ रेघ मोडायची नव्हती. मग दोन्ही जसेच्या तसे ठेवून त्यांच्यामध्ये एक वळण बांधलं.

चौकाच्या पूर्वेला शेख लुत्फुल्लाह मशीद आहे. शेख लुत्फुल्लाह आजच्या लेबनॉनमधल्या जबल आमिलहून आलेले विद्वान, शाह अब्बासचे सासरे. या मशिदीला मिनार नाही, अंगणही नाही. 1603मध्ये काम सुरू झालं, 1619मध्ये संपलं. दारातून आत पाऊल टाकलं की समोर घुमट येत नाही. निळसर अंधाराचा एक बोळ लागतो आणि तो आपल्याला डावीकडे नेतो, मग उजवीकडे वळवतो. बाजाराचा कलकलाट मागे पडतो, ऊन मागे पडतं, आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून चाललो आहोत याचं भानही. पुन्हा एकदा वळलं की मिहराब, किब्ला दाखवणारा कोनाडा, थेट समोर. किब्ल्याच्या हिशेबासाठी काढलेली ही वाट चालणाऱ्याचं मन हळूच फिरवते. मन प्रार्थनेकडे लागायला काही पावलं लागतात, आणि ती पावलं या वास्तूने आपल्या पोटात ठेवून दिली आहेत.

आत गेल्यावर मी आधी घुमट पाहिला नाही, कोपरे पाहिले. फिरुझाबादला कोपऱ्याची कमान भिंतीच्या माथ्यावर, उरलेली जागा भरून काढायला आलेली होती. इथे ती जमिनीपासूनच निघते. भिंतींच्या चार कमानी आणि कोपऱ्यांच्या चार कमानी अगदी बरोबरीच्या, सगळ्यांना फिरोजी रंगाच्या पीळदार दोरीची एकच किनार. कोपरा आता कुणाच्या मदतीला आलेला राहिलेला नाही, तो भिंतीइतकाच मानाचा झाला आहे. मग मान वर जाते. घुमटाच्या आत लिंबाच्या आकाराच्या नक्षीच्या ओळी शिखराकडे लहान लहान होत जातात, जाळीच्या खिडक्यांतून गाळून आलेलं ऊन त्यांच्यावर पडतं, आणि दाराशी एका ठरावीक जागी उभं राहिलं की शिखरावरच्या आकृतीपासून प्रकाशाचा एक पट्टा मोरपिसाऱ्यासारखा खाली उतरलेला दिसतो.

बाहेरून हा घुमट निळा नाही. त्याची पार्श्वभूमी बिनझिलईची, साईच्या रंगाची, आणि वेलबुट्टी तेवढी झिलईची. मऊ विटेवर ऊन मुरतं, झिलईवर चमकतं. म्हणून तो दिवसभर रंग बदलतो, सकाळी दुधाळ तर संध्याकाळी गुलाबी. ज्या मातीपासून हे सगळं सुरू झालं, ती माती इथे झाकलेली नाही, ती नक्षीच्या बरोबरीने मिरवते.

चौकाच्या दक्षिणेला 1611मध्ये सुरू झालेली शाह मशीद. तिथे तर वळण सगळ्यांच्या देखत घेतलेलं आहे. भव्य दरवाजा चौकाकडे तोंड करून, आणि त्याच्यामागे पूर्ण मशीद सुमारे 45 अंशांनी फिरलेली. त्यामुळे मोठा घुमट दरवाजाच्या मागे लपत नाही, त्याच्या खांद्यावरून बाजूला दिसत राहतो. सरळ बांधणीत हे दृश्य मिळालंच नसतं. घुमटाची उंची सुमारे 53 मीटर, पण तो एक नाही, दोन आहेत, एकात एक. बाहेरचा उंच, सगळ्या नगराने दुरून पाहावा म्हणून. आतला ठेंगणा, खाली उभ्या माणसाला आपलासा वाटावा म्हणून. मधे नुसती पोकळी. नगराची गरज आणि एकट्या माणसाची गरज यांचं माप एक नसतं, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

या मशिदीच्या दरवाजावर जुन्या मुअर्रक पद्धतीचं काम आहे. प्रत्येक रंगाची फरशी वेगळी भाजायची, कारण प्रत्येक रंगाला आपापली आच लागते. मग छिन्नीने तुकडे कापायचे, नक्षीप्रमाणे पालथे जुळवायचे आणि मागून गच ओतून जखडायचे. आतल्या विस्तीर्ण भिंतींना हे परवडणारं नव्हतं. तिथे हफ्तरंगी फरशा आल्या, एकाच फरशीवर अनेक रंग, भट्टी एकदाच. काम झपाट्याने झालं, रंगांची खोली थोडी उणावली. पण दरवाजाजवळ उभं राहून मुअर्रकमधली एखादी पाकळी पाहावी. शेजारच्या तुकड्याला ती जिथे भिडते ती रेघ केसाएवढी आहे, आणि एका अनाम कारागिराचा सगळा दिवस त्या रेघेत गेलेला आहे.

लुत्फुल्लाह मशिदीच्या मिहराबात मात्र एक नाव आहे. उस्ताद हुसेन यांचा मुलगा मुहम्मद रझा, इस्फहानचा गवंडी, आणि हिजरी वर्ष 1028. स्वतःला तो दीन आणि ईश्वरी कृपेचा गरजू म्हणवतो. अशा विनयाचे शब्द त्या काळी रीतीचेच होते, तरी मला ते मनापासूनचे वाटतात. दोन दिशा जुळत नसताना कुठल्याही एकीवर जबरदस्ती न करणारा माणूस नम्रच असणार.

ही विद्या इराणात थांबली नाही. गीलानहून आलेला बहमनी वजीर महमूद गावान याने 1472मध्ये बिदरला मदरसा बांधला. त्याच्या रंगीत फरशांचे उरलेले पट्टे आजही लातूर-नांदेडकडच्या माणसाला अर्ध्या दिवसात पाहून येता येतात. मुंबईत डोंगरीला 1860ची इराणी मशीद निळ्या फरशांनी मढलेली आहे. आणि ज्या मुहम्मद आदिलशाहाच्या पदरी शहाजीराजे होते, त्याच्या विजापूरच्या मकबऱ्यात, गोलघुमटात, तोच चार कोपऱ्यांचा प्रश्न एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी सोडवला आहे. आपल्याकडच्या शाळांच्या सहली तिथे जातात, मुलं सज्ज्यात टाळ्या वाजवून प्रतिध्वनी ऐकतात आणि परततात. माझं शिक्षकांना एवढंच सांगणं आहे, की सज्ज्यावर चढायच्या आधी मुलांना खाली एका कोपऱ्यात उभं करा. मान वर करून चौकोन नेमका कुठे संपतो ते त्यांना शोधू द्या. भिंतीवर रेघ मारून ती जागा दाखवता येत नाही. न जुळणाऱ्या दोन गोष्टी कापाकापी न करता जोडता येतात, हे त्यांना तिथे कुणी न सांगता कळेल, आणि मोठेपणी त्याची गरज पदोपदी पडणार आहे.