डोकेदुखी, चष्मा आणि काकांचा जुना लॅपटॉप

बारावीचा निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की, तपासणी संपवून उठता उठता पालक एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय. कुठला घेऊ?" मी त्यातला माणूस नाही, असं सांगून भागत नाही. चार पुस्तकं जास्त शिकलेल्याला सगळंच कळतं, असा आपल्याकडे गोड गैरसमज आहे. पण खरं सांगायचं तर या प्रश्नाचा माझ्या कामाशी संबंध आहेच. लॅपटॉप घेताना कुठे पैसे घातले आणि कुठे वाचवले, याचा हिशोब वर्षभराने मान, पाठ आणि डोळे दाखवायला आलेल्या पेशंटमध्ये मला दिसतो. म्हणून आज थोडं त्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यात हिरकणीवाडीहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हिरकणीवाडी हे रायगडाच्या पायथ्याचं गाव; १९९६ पासून गडावरचा रोपवे इथूनच सुटतो. गडावर येणाऱ्या माणसांवर इथल्या अनेक घरांची चूल पेटते. या गृहस्थांचंही चहा आणि पिठलं-भाकरीचं लहानसं हॉटेल. मुलीला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात कॉम्प्युटर शाखेला प्रवेश मिळालेला. तक्रार एकच, दोन महिने रोज संध्याकाळी डोकं दुखतं. कपाळावर आणि डोळ्यांच्या मागे. बाम झाला, गोळ्या झाल्या, एकदा दृष्टही काढून झाली.

वडिलांनी निदान आधीच केलं होतं. "बारक्या मोबाईलवर वाचून दुखतंय. मोठा लॅपटॉप आला की थांबेल." दुकानात ५८ हजारांचा एक पाहून ठेवला होता. हप्ते झेपले नाहीत तर बायकोच्या पाटल्या गहाण टाकायच्या, इथपर्यंत ठरलं होतं. पावसात पर्यटक कमी, धंदा मंद, आणि त्यात हे. मुलगी खाली मान घालून बसली होती. डोकेदुखीपेक्षा त्या पाटल्यांचं ओझं तिला जास्त झालं होतं, असं मला वाटलं.

त्यांचं निदान अर्धं बरोबर होतं. मोबाईल आपण डोळ्यांपासून साधारण २५ सेंटीमीटरवर धरतो. इतकं जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातल्या भिंगाला फुगावं लागतं आणि ते काम एक लहानसा स्नायू करतो. तीच गोष्ट ५० सेंटीमीटरवर ठेवून वाचली तर त्या स्नायूला निम्मंच काम पडतं. त्यामुळे मोठा पडदा लांब ठेवून वाचल्याने आराम पडतो, हे खरं. पण वर्गातल्या सगळ्याच मुली मोबाईलवर वाचतात, मग हिचंच डोकं का दुखतं?

मी विचारलं, डोळे कधी तपासलेत? "कशाला? तिला एस.टी.ची पाटी लांबूनच वाचता येते." हीच गंमत आहे. लांबचं दिसत नसेल तर ते लगेच लक्षात येतं, कारण फळा दिसत नाही. पण प्लसचा नंबर असलेल्या तरुण मुलांना लांबचं आणि जवळचं दोन्ही नीट दिसू शकतं. त्यांचा तो स्नायू जास्तीची ताकद लावून उणीव भरून काढत असतो, दिवसभर, न सांगता. संध्याकाळी तो थकतो आणि डोकं दुखतं. असा लपलेला नंबर नेहमीच्या तपासणीत निसटू शकतो. डोळ्यांत थेंब टाकून स्नायू सैल केल्यावर तो खरा कळतो. मी तिला महाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. प्लस सव्वा आणि थोडा तिरकस नंबर निघाला. ११०० रुपयांत चष्मा झाला. दुकानदाराने निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचे आणखी ८०० सांगितले होते, ते मी घेऊ दिले नाहीत. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने अशा काचांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी होतो, असं त्यात दिसून आलं नाही.

इथे एक थांबून सांगतो. प्रत्येक डोकेदुखी चष्म्याची नसते. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, झोपेतून उठवणारी किंवा सकाळी उलटीसकट येणारी, एकाचे दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, तापाबरोबर मान आखडणं, यातलं काहीही असेल तर चष्म्याच्या दुकानात न जाता थेट दवाखान्यात या.

आता राहिला लॅपटॉप. चौकशी करता करता कळलं की घरात एक आहेच. मुंबईच्या काकांनी दिलेला, सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घेणारा, म्हणून कपाटात पडलेला. "तो मेला, डॉक्टर." म्हटलं, घेऊन तर या. आमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला. आत फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम.

बायकांना मी हे स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतो, आणि पुरुषांपेक्षा त्यांना लवकर कळतं. डिस्क म्हणजे फडताळ, रॅम म्हणजे ओटा. फडताळ कितीही मोठं असलं तरी ओटा वीतभर असेल तर एक डबा काढायचा, तो परत ठेवायचा, मग दुसरा काढायचा, यातच वेळ जातो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरते आणि एक सुई माहिती शोधत हिंडते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती कितीतरी पट वेगाने काम करते. मेलेले वाटणारे बरेचसे लॅपटॉप फक्त या दोन गोष्टींनी उठून बसतात. प्रोसेसर बिचारा धडधाकट असतो.

तिच्या लॅपटॉपला २५६ जीबीची एसएसडी बसवली, १७०० रुपये. ४ जीबीची वापरलेली रॅम वाढवली, ६००. बॅटरी बदलावीच लागली (ती का, ते पुढे येतं), २२००. मजुरी ३००. आणि माझ्या आग्रहाने सुटा कीबोर्ड आणि माऊस, ७००. चष्मा धरून ६६०० रुपये. हे भाव तेव्हाचे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत, कारण एआयच्या मोठमोठ्या केंद्रांना ती प्रचंड लागते. तेव्हा नुसती रॅम विकत घेण्याआधी विचारपूस करा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पट्टीवरच जोडून टाकलेली असते, ती वाढवताच येत नाही, हेही आधी विचारा.

एक अडचण होती. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि विंडोज ११ इतक्या जुन्या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही. इंटेलचा लॅपटॉप असेल तर आय-५ किंवा आय-३ नंतरचा आकडा बघा. चार आकडी असून २ ते ७ यांपैकी एका अंकाने सुरू होत असेल तर साधारणपणे विंडोज ११ चालणार नाही. ८ पासून पुढे चालतं. तिचा ४ ने सुरू होणारा होता. त्यावर लिनक्स मिंट टाकलं, ते फुकट मिळतं. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगला ते पुरून उरतं. पुढे काही लागलंच तर ऑफिसांमधून निघालेले, दुरुस्त करून विकलेले लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. पक्कं बिल आणि काही महिन्यांची हमी असेल तरच घ्यावेत. महाडकरांनी आणखी एक बघावं. जुलै २०२१ च्या पुरात इथली बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. जुनं मशीन घेताना स्क्रूंवर गंज, चार्जरच्या भोकात वाळलेला गाळ किंवा हिरवट-पांढरा थर दिसला तर कितीही स्वस्त असो, हात जोडून परत यावं.

आता तो ७०० रुपयांचा कीबोर्ड. सगळ्या खर्चात माझ्या मते हाच सर्वांत मोलाचा, आणि नेमका हाच कोणी घेत नाही. लॅपटॉपची रचनाच अडचणीची आहे. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात वर उचलावे लागतात, कीबोर्ड हाताशी आणावा तर मान खाली जाते. आपलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणित मांडलं होतं, की मान ६० अंश वाकवली तर मानेच्या मणक्यांवर सुमारे २७ किलोचा भार येतो. हे गणित आहे, प्रत्यक्ष मोजलेलं वजन नव्हे, पण दिशा बरोबर आहे. कीबोर्ड सुटा झाला की पडदा वर जाऊ शकतो, हात खाली राहू शकतात.

पुस्तकांत यापुढे टेबल-खुर्चीचं चित्र असतं. हिरकणीवाडीतल्या त्या घरात टेबल नव्हतं आणि ते घ्या असं मी सांगणारही नव्हतो. भिंतीला पाठ टेकून, कमरेमागे घडी केलेली गोधडी घेऊन मांडी घालून बसायचं. समोर चौरंग, चौरंगावर दोन-तीन जाड पुस्तकं, त्यावर लॅपटॉप. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि पडदा हातभर लांब. कीबोर्ड मांडीवर पाट घेऊन त्यावर. लॅपटॉप मात्र मांडीवर किंवा गोधडीवर नको. खालच्या हवेच्या जाळ्या बंद होतात, तो तापतो, आणि रोज तास न् तास मांडीला शेक बसला तर कातडीवर जाळीदार डाग पडतात. अर्ध्या तासाने उठायचं, पाणी भरायचं, अंगणात जायचं. पडद्याकडे टक लावली की पापण्या मिटणं निम्म्याहून कमी होतं आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. म्हणून दर २० मिनिटांनी समोरच्या गडाकडे बघायचं, मुद्दाम पापण्या मिटत. लांब बघायला इतकं चांगलं काही शहरातल्या मुलांना मिळत नाही.

चार आठवड्यांनी तिची डोकेदुखी बरीच उतरली होती. पाटल्या घरातच राहिल्या.

आणि आता ती बॅटरी. लॅपटॉप उघडला तेव्हा ती उशीसारखी फुगली होती. घरच्यांना वाटत होतं की माऊसची पट्टी जरा वर आली आहे, एवढंच. लिथियमची बॅटरी जुनी झाली की आत वायू साठून फुगू शकते, आणि अशी बॅटरी भोसकली गेली किंवा चार्ज करत राहिलात तर पेट घेऊ शकते. त्या आगीच्या भाजण्याइतकाच तिचा धूरही वाईट. तुमच्या लॅपटॉपचा खालचा भाग डुगडुगत असेल, झाकण नीट बसत नसेल, कीबोर्ड मध्येच उचलला गेला असेल तर चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबून सपाट करायचा प्रयत्न करू नका आणि रात्रीत घरात कपड्यांच्या ढिगावर ठेवू नका. दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. काढलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत नाही, त्याच्याकडेच ई-कचऱ्यासाठी द्या.